श्रीलंका ते जावा: काय पाहावे, काय आणावे, काय आणू नये

परदेशातून कोणी परत आले की वस्तीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय आणलं तिकडून?" आमच्या बाबतीत हा प्रश्न जाण्याआधीच आला. थायलंडला निघण्याच्या आठवडाभर आधी विहाराच्या समितीने बैठक घेतली, घरोघरी वर्गणी काढली आणि ३५ हजार रुपये आमच्या हातात ठेवले. "थायलंडची मूर्ती आणा. बुद्ध पौर्णिमेला बसवू." त्या रकमेत घरकाम करणाऱ्या आयाबायांचे शंभर-दोनशे रुपयेही होते. पैसे लोकांचे होते, म्हणून खरेदीचा विचार आम्हाला नीट करावा लागला.

गेल्या काही वर्षांत आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून तीन वेळा बाहेर पडलो. पहिल्यांदा श्रीलंका, मग थायलंड आणि कंबोडिया, नंतर इंडोनेशियातील जावा. आता आपल्या तरुणांचे गटही या देशांकडे निघू लागले आहेत. त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आणि आमचे अनुभव येथे एकत्र देत आहोत. हॉटेल आणि विमान तिकिटांची माहिती कुठेही मिळते. आम्हाला सांगायचे आहे ते बाजाराबद्दल. या सर्व देशांत बुद्ध विकले जातात, आणि आपण तिथे ग्राहक म्हणून उभे राहतो. त्या वेळी आपण काय करतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधीचा एक प्रवास

बौद्ध देशांतून मूर्ती आणण्याची आपली परंपरा आजची नाही. बाबासाहेब मे १९५० मध्ये श्रीलंकेला गेले. कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती आणि तिथेच वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स ही संघटना उभी राहिली. डिसेंबर १९५४ मध्ये याच संघटनेच्या तिसऱ्या परिषदेसाठी ते ब्रह्मदेशात रंगूनला गेले. तेथून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहू रोड येथे केली. नागपूरची दीक्षा अजून जवळजवळ दोन वर्षे दूर होती.

ही मूर्ती दिवाणखान्यात ठेवायला आलेली नव्हती. एका बौद्ध देशाकडून नव्याने धम्माकडे वळणाऱ्या समाजाकडे ती आली आणि सर्वांसमोर वंदनेसाठी बसवली गेली. परदेशातून बुद्धरूप आणावे की नाही, हा प्रश्न पडेल तेव्हा देहू रोडचे उदाहरण आठवावे.

श्रीलंका: फुले, कंदील आणि पुस्तके

अनुराधापुरात पाहायला दोन दिवस तरी हवेत. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून वाढलेला जय श्री महाबोधी इथे आहे. जवळच राजा दुट्ठगामणीने उभारलेला पांढराशुभ्र रुवनवेलिसाय स्तूप आहे. जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. विटांच्या त्या डोंगरासमोर उभे राहिलो तेव्हा आपल्याकडच्या भग्न स्तूपांची आठवण झाली. पोलोन्नरुवाचे गल विहार आणि दंबुल्लाच्या पाच गुंफाही चुकवू नयेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला दंबुल्ला परके वाटत नाही.

इथे लोक पांढऱ्या कपड्यांत येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोपी आणि पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. दुपारी दगडी अंगण इतके तापते की पाय भाजतात, म्हणून जाड मोजे सोबत ठेवावेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. आम्ही पहिल्याच दिवशी ही चूक केली. मूर्ती मागे, आम्ही पुढे, हात खांद्यावर. रखवालदार ओरडला नाही. त्याने फक्त बोटाने वळायची खूण केली. आम्ही वळलो आणि मूर्तीकडे तोंड करून उभे राहिलो, तेव्हा लक्षात आले की फोटोच्या नादात आम्ही अजून वंदनाही केली नव्हती.

श्रीलंकेत हा विषय कायद्यापर्यंत जातो. २०१२ मध्ये मूर्तीचे चुंबन घेतल्यासारखे फोटो काढणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने स्थगित कारावासाची शिक्षा दिली. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश महिलेला देशाबाहेर पाठवले गेले. मात्र २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई चुकीची ठरवून तिला भरपाई द्यायला लावली. या दोन्ही घटना आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. मूर्तीचा मान राखला पाहिजे, पण तो पोलिसांच्या धाकाने राखला जाऊ लागला तर त्यात धम्म किती उरतो, हेही विचारले पाहिजे.

खरेदीचे म्हणाल तर श्रीलंकेत आम्ही सर्वांत जास्त वेळा फुले घेतली. विहारांबाहेर कमळे आणि निळ्या जलकमळांच्या टोपल्या असतात. या निळ्या फुलाला तिथे 'निल मानेल' म्हणतात आणि ते देशाचे राष्ट्रीय फूल आहे. फुले घेतली, अर्पण केली, तिथेच ठेवून आलो. सोबत आणायला काहीच नाही, आणि तरी ती खरेदी आजही आठवते.

आणण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, वेसाकचे कंदील. वैशाख पौर्णिमेला तिथे घरोघरी कागदी कंदील लागतात आणि रस्तोरस्ती 'दन्सल' म्हणजे मोफत अन्नदानाचे मांडव उभे राहतात. घडी घालता येणारा एक कंदील आम्ही आणला. विहारातल्या मुलांनी तो उलगडून पाहिला आणि पुढच्या बुद्ध पौर्णिमेला तसेच अनेक कंदील स्वतः बनवले. दुसरी, पुस्तके. कँडीच्या तलावाकाठी बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीचे दुकान आहे. १९५८ पासून ही संस्था पाली वाङ्मय आणि धम्मावरची इंग्रजी पुस्तके काढते. अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी बॅगेत जागा ठेवूनच जावे. तिसरी, घरच्यांसाठी दालचिनी आणि चहा. दालचिनी मूळची याच बेटाची आहे. तिथली साल पातळ, अनेक पदरी गुंडाळलेली आणि हाताने सहज मोडणारी असते.

एक सूचना. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'च्या दिवशी, देशभर सुट्टी असते आणि दारूची दुकाने बंद असतात. प्रवासाची आखणी करताना दिनदर्शिका पाहावी. शक्य असेल तर पोया गाठावीच. त्या दिवशी विहारांत दिसणारी गर्दी पर्यटकांची नसून उपासकांची असते.

बँकॉक: 'विकत' नव्हे, 'भाड्याने'

बँकॉकमध्ये वाट पो येथील ४६ मीटर लांबीची महापरिनिब्बान मुद्रेसारखी पहुडलेली मूर्ती, राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा काएव येथील पाचूचे बुद्ध आणि नदीपलीकडचे वाट अरुण सर्वच जण पाहतात. पाचूचे बुद्ध प्रत्यक्षात हिरव्या जेड दगडाचे आहेत, उंची सुमारे ६६ सेंटिमीटर. ऋतूनुसार वर्षातून तीनदा त्यांची वस्त्रे बदलली जातात आणि तो मान राजाचा असतो.

गर्दीतून वेळ काढून आणखी दोन ठिकाणे पाहा. चायनाटाउनजवळच्या वाट त्रायमित येथे साडेपाच टन वजनाची सुवर्णमूर्ती आहे. शतकानुशतके ती चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ मध्ये हलवताना ती खाली पडली, लेप तडकला आणि आतले सोने दिसले. लुटारूंपासून वाचवण्यासाठीच कोणीतरी तो लेप दिला असावा, असे मानले जाते.

दुसरे ठिकाण वाट साकेत, म्हणजे 'सुवर्णगिरी'. सुमारे ३०० पायऱ्या चढून वर जावे लागते. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिपरहवा येथील स्तूपातून निघालेल्या अस्थिधातूंचा काही भाग ब्रिटिश सरकारने सियामचे राजे चुलालोंगकोर्न यांना दिला. तो इथे आहे. त्याच स्तूपातली काही रत्ने उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वारसांकडे राहिली होती. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला होता. जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. एकाच स्तूपातल्या अवशेषांपैकी काहींना वंदना मिळाली आणि काहींना किमतीचे लेबल लागले. त्या टेकडीवर उभे असताना हे डोक्यातून जात नव्हते.

आता बाजाराकडे येऊ. वाट साकेतहून थोडे चालत गेले की बामरुंग मुआंग हा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना मूर्ती, चीवर आणि दानसामग्रीची दुकाने. पिवळ्या बादलीत चीवर, साबण, औषधे, काडेपेटी असे सामान भरून पारदर्शक कागदात बांधून ठेवलेले असते. लोक ही बादली विहारात जाऊन भिक्खूंना दान करतात. काही दुकानांबाहेर मोठ्या मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून फुटपाथवर उभ्या असतात. नदीजवळ था फ्रा चान भागात छोट्या बुद्धप्रतिमांचा बाजार भरतो. तिथे लोक भिंग डोळ्याला लावून बोटभर प्रतिमा तासन्‌तास तपासत बसतात. बाबासाहेबांचा धम्म मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रकार पचायला जड गेला. प्रतिमा गळ्यात घातली की संकट टळते, ही समजूत आपण सोडून आलो आहोत.

पण या बाजारातला एक शब्द आम्हाला आवडला. थाई माणूस बुद्धमूर्ती 'विकत घेतली' असे म्हणत नाही. तो 'चाओ' हे क्रियापद वापरतो, म्हणजे 'भाड्याने घेतली'. पैसे देऊन मूर्ती घरी नेली तरी बुद्धांचा मालक होता येत नाही, अशी त्यामागची भावना. व्यवहार तोच, दरही ठणठणीत, तरी बोलताना माणूस एक मर्यादा पाळतो.

मूर्ती बाहेर नेण्याचा नियम

विहारासाठीची मूर्ती याच रस्त्यावर पाहिली. पितळी, दीड फूट उंच, भूमिस्पर्श मुद्रा. चेहरा इतका शांत की आमच्यातल्या दोघींनी तिथेच हात जोडले. किंमतही आमच्या रकमेत बसत होती. परवान्याबद्दल विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, "काही होत नाही, कपड्यात गुंडाळून न्या."

नियम वेगळा आहे. थायलंडमधून बुद्धमूर्ती, जुनी असो वा नवी, बाहेर न्यायची तर ललित कला विभागाचा परवाना लागतो. अंगावर घालायच्या छोट्या प्रतिमांना यातून सूट आहे. बौद्ध व्यक्तीला वंदनेसाठी, तसेच सांस्कृतिक देवाणघेवाण किंवा अभ्यासासाठी परवाना मिळू शकतो. त्यासाठी मूर्तीचे फोटो आणि पारपत्राची प्रत देऊन अर्ज करावा लागतो आणि त्यात काही दिवस जातात. काही दुकाने हे काम ग्राहकासाठी करून देतात. आमच्या हातात दोनच दिवस उरले होते.

गटात वाद झाला. एक म्हणाला, "आपण चोरी करत नाही, पैसे देऊन नेतोय, आणि तेही विहारासाठी." दुसरी म्हणाली, "विहारात बसवायची मूर्ती चड्डी-बनियनमध्ये लपवून न्यायची? आणि त्याच मूर्तीसमोर पंचशील म्हणायचं?" त्यापुढे कोणी काही बोलले नाही. मूर्ती तिथेच राहिली.

अयुथया: धडे आहेत, शिरे नाहीत

बँकॉकच्या उत्तरेला रेल्वेने दीड-दोन तासांवर अयुथया आहे. चौदाव्या शतकात वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. नाव आपल्या अयोध्येवरून आलेले. १९९१ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

वाट महाथात येथे झाडाच्या मुळांत गुरफटलेले दगडी बुद्धशीर आहे. त्याचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. फोटो काढणाऱ्याने खाली बसावे, आपले डोके बुद्धांच्या डोक्यापेक्षा वर ठेवू नये, असा तिथला नियम आहे. लोक ओळीने येतात, बसतात, फोटो काढतात आणि पुढच्या ठिकाणी जातात. त्याच आवारात थोडे पुढे गेलो की भिंतीला लागून रांगेने बसलेल्या मूर्ती दिसतात. पाठ ताठ, हात मांडीवर, आणि मानेच्या वर काही नाही. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग.

काही मूर्ती युद्धात फुटल्या. पण युद्ध संपल्यावरही शिरे जात राहिली, कारण त्यांना गिऱ्हाईक होते. अख्खी मूर्ती जड असते. शीर तोडले की पोत्यात मावते. याच शहरात १९५७ मध्ये चोरांनी वाट राचाबुरानाच्या तळघरात उतरून सोने लुटले. वाचलेले सोने आता जवळच्या चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे.

आमच्यातल्या एका मित्राने आदल्या दिवशी चतुचकच्या शनिवार-रविवार बाजारात एक बुद्धशीर घेतले होते. रेझिनचे, हातभर उंच, लाकडी बैठकीवर बसवलेले. अयुथयाच्या रांगेसमोर तो बराच वेळ उभा होता. परतीच्या गाडीत एवढेच म्हणाला, "मी घेतलं ते नवीन आहे. कुठून तोडलेलं नाही." खरेच होते. पण वेगळे काढलेले शीर सुंदर दिसते, ही आवड आली कुठून? बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने कधी नुसते शीर वंदनेसाठी घडवले नाही. तोडलेली शिरे युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या शोकेसमध्ये आणि संग्रहालयांत चौथऱ्यांवर बसली, तिथून तो नमुना रूढ झाला, आणि आता त्याच्या नकला स्पा, हॉटेल आणि फ्लॅटच्या दारात दिसतात. आपल्या पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या घरांतही दिसतात. बँकॉक विमानतळाच्या वाटेवर मोठे फलक आहेत, बुद्ध ही शोभेची वस्तू नाही असे सांगणारे. ते परदेशी पर्यटकांसाठी लावलेले आहेत. ते वाचताना आम्हाला आपले दिवाणखाने आठवले.

त्या मित्राचे शीर अजून कपाटात आहे. ते मांडावेसे वाटत नाही आणि टाकवतही नाही.

कंबोडिया: ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या गावात

अंगकोरचा एक दिवसाचा पास आम्ही गेलो तेव्हा ३७ डॉलरचा होता, तीन दिवसांचा ६२ डॉलरचा. तीन दिवसांचाच घ्यावा. अंगकोर वाट बाराव्या शतकात विष्णुमंदिर म्हणून उभे राहिले आणि पुढे बौद्ध विहार झाले. बायोनच्या मनोऱ्यांवरचे मंद हसणारे मोठे चेहरे सातव्या जयवर्मनच्या काळातले. हा राजा बौद्ध होता. ता प्रोहमच्या शिलालेखात त्याच्या राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. चळवळीतल्या माणसाने मनोऱ्यांइतकेच हे लक्षात ठेवावे.

त्याच्यानंतरच्या काळात अनेक बुद्धप्रतिमा छिन्नीने खरवडल्या गेल्या. भिंतींवर त्यांचे रिकामे आकार आजही दिसतात. बायोनची मुख्य मूर्ती फोडून विहिरीसारख्या खड्ड्यात टाकली होती. १९३३ मध्ये तिचे तुकडे सापडले. ते जोडून साडेतीन मीटरहून उंच ती नागछत्राखालची मूर्ती पुन्हा उभी केली आणि आज तिथे लोक उदबत्ती लावतात. मूर्ती फुटण्याचे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. त्या मूर्तीच्या अंगावरचे सांधे पाहताना आम्हाला आपल्या गावांतले पुतळे आठवले.

विसाव्या शतकातल्या यादवीत इथली लूट सर्वांत जास्त झाली. चोरलेल्या मूर्ती थायलंडच्या सीमेवरून जगभर गेल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत एका नामवंत ब्रिटिश कला-व्यापाऱ्यावर याबाबत आरोपपत्र दाखल झाले. खटला उभा राहण्यापूर्वी तो वारला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १४ शिल्पे कंबोडियाला परत देण्याचे जाहीर केले. म्हणजे मोठमोठ्या संग्रहालयांनाही खरेदी परत करावी लागते आहे.

सिएम रीपमध्ये खरेदीला चांगले पर्याय आहेत. 'क्रामा' हा चौकड्यांचा सुती गमछा शेतकऱ्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांच्या गळ्यात दिसतो. किंमत कमी, वजन नाही. कांपोतची मिरी प्रसिद्ध आहे. दगड आणि लाकूड कोरणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण देणाऱ्या कार्यशाळा आहेत. तिथे नवी शिल्पे मिळतात आणि ती कशी घडतात तेही पाहता येते. मंदिरांच्या पायऱ्यांवर लहान मुले पोस्टकार्ड आणि बांगड्या विकतात. त्यांच्याकडून घेऊ नका, असे तिथल्या सामाजिक संस्था सांगतात, कारण विक्री झाली की मूल शाळेऐवजी पायरीवर राहते. नाही म्हणताना जीव तुटतो. शिक्षणाचा पहिला धडा बाबासाहेबांकडून घेतलेल्यांनी तरी तेवढे करावे.

जावा: राजाची आठ गाड्यांची खरेदी

योग्यकार्ताहून सुमारे ४० किलोमीटरवर बोरोबुदुर आहे. शैलेंद्र राजवटीत, आठव्या-नवव्या शतकांत बांधलेले. ५०४ बुद्धमूर्ती, २,६७२ शिल्पपट, वरच्या गोल मजल्यांवर जाळीदार ७२ स्तूप. दगड झिजू नयेत म्हणून आता वर जाणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि चढताना विणलेल्या चपला घालाव्या लागतात. त्यांना 'उपानत' म्हणतात. आपला संस्कृत 'उपानह' शब्द समुद्रापलीकडे पायात घालायला मिळाला, याची गंमत वाटली.

५०४ मूर्तींपैकी ३०० हून अधिक भग्न आहेत, त्यातल्या बहुतेक शिराविना. ४३ मूर्ती जागेवरच नाहीत. काही शिरे युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. आणि यातला एक प्रसंग आपल्याला जास्त टोचणारा आहे. १८९६ मध्ये सियामचे राजे चुलालोंगकोर्न जावाला आले. डच वसाहत सरकारने त्यांना इथली शिल्पे नेऊ दिली. आठ गाड्या भरून बुद्धमूर्ती, सिंह, द्वारपाल आणि शिल्पपट सियामला गेले. राजे बौद्ध होते, श्रद्धेनेच त्यांनी नेले असणार. पिपरहवाचे धातू सुवर्णगिरीवर आदराने ठेवणारे हेच राजे. पण ज्या भूमीतल्या लोकांची ती शिल्पे होती त्यांना कोणी विचारले नाही. श्रद्धा खरी असली तरी नेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. वाट साकेतच्या पायऱ्या आणि बोरोबुदुरचे रिकामे कोनाडे दोन्ही पाहिल्यावर आम्ही या मताला आलो आहोत.

बाहेर फेरीवाल्यांच्या हातात छोटे स्तूप आणि बुद्धशिरे असतात. विक्रेते बहुतेक मुस्लिम, पोटासाठी विकणारे. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला जे हवे ते ते विकतात. आम्ही स्तूप घेतले, शिरे नाही. जाताना मेंदुत आणि पावोन ही दोन छोटी मंदिरेही पाहा. वैशाख पौर्णिमेला मेंदुतहून निघणारी धम्मयात्रा पावोनमार्गे बोरोबुदुरला जाते. देशात बौद्ध एक टक्क्याहून कमी, तरी हा दिवस तिथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

योग्यकार्ताच्या मालिओबोरो रस्त्यावर बाटिक मिळते. घेताना कापड उलटून पाहा. हाताने मेण लावून केलेल्या बाटिकमध्ये रंग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा उतरतो. नुसत्या छापील कापडाची मागची बाजू फिकट असते. हातकामाला 'तुलिस' आणि ठशाच्या कामाला 'चाप' म्हणतात. हे दोन शब्द दुकानात उपयोगी पडतात.

निघणाऱ्या गटांसाठी

१. बुद्धांचे सुटे शीर घेऊ नका, नवे असले तरी. घ्यायचे तर पूर्ण बुद्धरूप घ्या आणि ते बसवण्याची जागा आधी ठरवा.

२. "जुने आहे, खाणीतून निघाले आहे" असे विक्रेता सांगू लागला की दुकान सोडा. खरे असेल तर तो गुन्हा आहे, खोटे असेल तर फसवणूक.

३. मूर्ती न्यायची असेल तर पहिल्या दिवशीच निवडा, परवान्याचा अर्ज करा आणि परतताना घ्या. पावती व परवाना हातातल्या बॅगेत ठेवा. भारतात येताना सीमाशुल्काचे नियमही पाहा.

४. बुद्धांचे चित्र असलेल्या चपला, पायपुसणी, अर्ध्या चड्ड्या घेऊ नका. दुकानदाराला कारणही शांतपणे सांगा.

५. शक्य तिथे घडवणाऱ्याच्या हातून घ्या. घासाघीस करताना त्याच्या मजुरीचा विचार करा. आपले आईवडीलही कोणाच्या तरी घासाघिशीत राबले आहेत.

६. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही हेच सांगा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू कोणालाही खासगीरीत्या भारताबाहेर नेता येत नाही. आणि लेण्यांत नावे कोरणाऱ्या आपल्याच मुलांना आवरा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले नाव आपण रागाने दाखवतो. त्याच्या शेजारी मराठी नावे नकोत.

३५ हजारांचे काय झाले

बँकॉकमधल्या शेवटच्या सकाळी आम्ही बान बात नावाच्या गल्लीत गेलो. नावाचा अर्थच 'भिक्खापात्रांची वस्ती'. काही मोजकी कुटुंबे तिथे आजही हाताने भिक्खापात्रे घडवतात. पोलादाचे आठ तुकडे जोडून, ठोकून, तापवून एक पात्र तयार होते. आठ तुकडे म्हणजे अष्टांगिक मार्ग, असे ते सांगतात. कारखान्यातली पात्रे स्वस्त असल्यामुळे हे काम कमी होत चालले आहे. अरुंद गल्ली, दारातच ठोकठोक, शेजारी खेळणारी मुले. आपलीच एखादी कारागिरांची वस्ती वाटली. आम्ही स्वतःच्या पैशांतून वर्गणी करून दोन पात्रे घेतली आणि घासाघीस केली नाही. श्रामणेर शिबिरात ती आता वापरात आहेत.

परत आल्यावर समितीपुढे हिशेब ठेवला आणि ३५ हजार जसेच्या तसे परत दिले. नाराजी झाली. एक आजी म्हणाल्या, "एवढ्या लांब गेलात आणि बुद्ध आणला नाही?" आम्ही अयुथयाचे फोटो दाखवले. आजींनी चष्मा लावला आणि फोटो पुन्हा पुन्हा मागे-पुढे केले. मग विचारले, "यांची डोकी कोणी नेली?" आम्ही सांगितले, "ज्यांनी विकत घेतली त्यांनी."

पुढच्या बैठकीत ठरले की मूर्ती आपल्याच जिल्ह्यातल्या मूर्तिकाराकडून घडवायची. काम सुरू आहे. मातीचा नमुना पाहायला आजी स्वतः दोनदा जाऊन आल्या आहेत.